आपोआप काही होत नसतं

"प्राण्यांचं काय, त्यांचं सगळं आपोआप होतं."

हे वाक्य गेल्या चार महिन्यांत मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता कोणी "प्राण्यांचं काय" एवढं म्हटलं तरी पुढचं मीच पूर्ण करते. म्हणून मंडळी, आज त्याबद्दलच लिहिते. थोडं रागाने लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते.

राग येण्याचं कारण घरातलंच आहे. आमच्याकडे गिनीपिगची तीन पिल्लं झाली, ही बातमी नातेवाइकांत पसरली आणि फोन सुरू झाले. एका पुतण्याला आणि एका भाचसुनेला पिल्लं हवी आहेत. हवी म्हणजे 'एक नर, एक मादी, अशी जोडी' हवी आहे. मुलांची सुटी येते आहे, मुलांना गंमत होईल, पुढे पिल्लं झाली की आणखी गंमत. मी नाही म्हटलं. त्यावर बोलणं असं सुरू झालं की, काकूंचं वय झालं, उंदराएवढ्या प्राण्यावरून माणसं तोडायला निघाल्या. प्रत्येकाला फोनवर वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदाच देते. मी चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाची बाई मी नव्हे. पण वाचता येतं, विचारता येतं, वजनकाटा वापरता येतो. या विषयात तेवढं पुरतं.

आधी हा 'आपोआप' शब्द तपासून बघू.

रानात ससा व्यातो, तेव्हा तिथे आपोआप म्हणता येईल. जागा ती निवडते, नर तिला नको असेल तेव्हा ती लांब जाते, ऊन लागलं की सावलीत सरकते, हवा तो पाला खाते. पिंजऱ्यात यातलं काय उरतं? नर कोण हे आपण ठरवलं. तो कायम दोन हातांवर आहे, हेही आपण ठरवलं. खायला काय, किती, केव्हा, हे आपल्या हातात. पिंजरा गच्चीत ठेवायचा की माजघरात, हेही आपल्या हातात. एवढं सगळं ठरवून झाल्यावर बाळंतपण तेवढं निसर्गाच्या खात्यावर टाकायचं, ही सोयीची वाटणी झाली. हौस आपली आणि कष्ट निसर्गाचे!

कोणी म्हणेल, पूर्वी गोठ्यात गाई व्यायच्या तेव्हा कोण एवढा विचार करत होतं? मी सांगते, सगळे करत होते. आमचा वर्धा जिल्हा म्हणजे गवळाऊ गाईचा मुलूख. लहानपणी आर्वीकडच्या आमच्या नातेवाइकांच्या गोठ्यात मी पाहिलं आहे. निरक्षर म्हातारी गाय कोणत्या तिथीला फळली हे तोंडपाठ सांगायची. गाईचे नऊ महिने, म्हशीचे दहा, शेळीचे पाच, हा हिशेब घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक असायचा. कास कधी भरते, शेपटीच्या बाजूचा भाग कधी सैल पडतो, वार किती वेळात पडली पाहिजे, पडली नाही तर कोणाला बोलवायचं, चीक आधी वासराला किती पाजायचा आणि मग खरवसाला किती काढायचा, हे सगळं शास्त्र होतं. कागदावर नव्हतं एवढंच. त्या लोकांनी गाईला टोपी घालून तिचे फोटो काढले नाहीत. पण गाय अडली तर अख्खं घर रात्रभर कंदील घेऊन उभं असायचं.

आता उलटं झालं आहे. माया ओसंडून वाहते आहे आणि माहिती मात्र शून्य. नुसत्या मायेने अडलेली मादी सुटत नाही.

आता आमच्याकडची हकीकत थोडक्यात. नागपूरला असलेल्या माझ्या नातीला वाढदिवसाला कोणीतरी दोन गिनीपिग भेट दिले. दुकानदाराने 'दोन्ही माद्याच आहेत' असं सांगितलं होतं म्हणे. एकीचा रंग सुंठीसारखा, म्हणून ती सुंठी. दुसरी काळी, म्हणून ती मिरी. डिसेंबरात मुलाची बदलीची धावपळ निघाली आणि ही दोघं पिंजऱ्यासकट पुलगावला माझ्याकडे आली. मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोघांचं वजन करून वहीत लिहीत होते. (मास्तरीण ती मास्तरीणच!) मिरी होती तेवढीच राहिली आणि सुंठी दर आठवड्याला वाढत गेली. नागपूरच्या पशुवैद्यांना दाखवलं. त्यांनी दोघांना उलटं करून बघितलं आणि हसून म्हणाले, "बाई, मिरी हा मुलगा आहे." त्याच दिवशी मिरीचा पिंजरा वेगळा झाला. नाव मात्र मिरीच राहिलं.

नर-मादी ओळखणं नवख्याला जरा अवघड जातं, हे खरं. पण ज्याचा धंदाच हा आहे त्याला ते अवघड का जावं? भाजीवाल्याला मेथी आणि शेपू ओळखता येत नसेल तर आपण त्याच्याकडून भाजी घेऊ का?

आता 'आपोआप' होणाऱ्या या बाळंतपणात काय काय असतं, ते ऐका.

गिनीपिग उंदराच्या कुळातला असला तरी त्याचं गर्भारपण उंदरासारखं नसतं. उंदीर तीन आठवड्यांत व्यातो, ससा साधारण महिन्याभरात. गिनीपिगला लागतात ५९ ते ७२ दिवस. एवढ्याशा जिवाला दोन महिन्यांहून जास्त! त्याचं कारण पिल्लं पाहिली की कळतं. ती अंगभर केस, उघडे डोळे आणि आलेले दात घेऊनच जन्माला येतात. म्हणजे जी वाढ उंदराची पिल्लं बाहेर आल्यावर करतात, ती इथे आईच्या पोटात होते. शेवटच्या दिवसांत मादीचं वजन दुपटीच्या घरातही जाऊ शकतं. सुंठी डिसेंबरात ६४० ग्रॅम होती, फेब्रुवारीत १०५० ग्रॅम झाली. ती चालायची तेव्हा भरलेली पिशवी कोणी जमिनीवरून सरकवतंय असं वाटायचं. पन्नास किलोच्या बाईच्या अंगावर नऊ महिन्यांत तीस-बत्तीस किलो चढवा आणि मग सांगा मला आपोआप.

दुसरी गोष्ट हाडांची. मादीच्या कमरेखालची दोन हाडं पुढच्या बाजूला जिथे जुळतात, तिथला सांधा बाळंतपणाच्या आधी सैल होऊन उघडावा लागतो, कारण पिल्लं मोठी असतात. मादी साधारण सहा-सात महिन्यांची होईपर्यंत एकदाही व्याली नसेल, तर हा सांधा पुढे पुरेसा उघडत नाही. मग अशी मादी गाभण राहिली की पिल्लू अडतं, आणि वेळेवर सिझेरियन झालं नाही तर मादी आणि पिल्लं सगळीच जातात. तेव्हा 'आमची मादी दोन वर्षांची आहे, आता एकदा पिल्लं होऊ द्यावीत' असं जे लोक हौसेने म्हणतात, ते तिच्यावर काय ओढवून घेत आहेत ते त्यांना ठाऊक नसतं. आणि अगदी कोवळ्या वयात ती गाभण राहिली तर तिची स्वतःची वाढ अपुरी. म्हणजे दोन्हीकडून खड्डा. सुंठीचं नेमकं वय सांगायला कोणी नव्हतं. त्यामुळे शेवटचे तीन आठवडे मी जीव मुठीत धरून काढले.

तिसरी गोष्ट खाण्याची. कुत्रं, मांजर, गाय, शेळी या सगळ्यांचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. माणसाचं करत नाही, आणि गिनीपिगचंही करत नाही. हे कसं कळलं, ते मला इतिहासाची बाई म्हणून फार आवडलं. १९०७ साली नॉर्वेच्या राजधानीत (तेव्हाचं क्रिस्तियानिया, आताचं ओस्लो) अक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रलिश या दोघांनी गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना खलाशांना व्हायचा तो स्कर्व्ही रोग झाला. ताजा पाला आणि लिंबाचा रस दिला की तो टळायचा. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे ज्या वाटेने लागला, ती वाट या प्राण्याच्या हिरड्यांतून आणि सांध्यांतून गेली आहे. आणि आज शंभर वर्षांनंतरही आपण त्याला दूध-पोळी आणि बाजरीचे दाणे घालतो!

गाभण मादीला हे जीवनसत्त्व नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं, आणि ते शरीरात साठत नाही, म्हणून रोज लागतं. पाण्यात औषध टाकून ठेवलं तर उजेडाने आणि वेळेने त्याची ताकद जाते. माझा उपाय साधा होता. थंडीचे दिवस होते, आवळे आले होते. रोज आवळ्याचा छोटा तुकडा, ढोबळी मिरचीची एक फोड, कोथिंबीर, कधी पेरू, क्वचित नागपुरी संत्र्याची एखादी पाकळी. मुख्य खाणं मात्र गवत. वाळलेलं चांगलं गवत दिवसरात्र समोर हवं, कारण त्यांचे दात जन्मभर वाढत राहतात आणि पोट रिकामं राहिलेलं त्यांना सोसत नाही. जोडीला लसूणघास थोडा जास्त दिला, कारण त्यात चुना जास्त असतो आणि गाभण मादीला तो लागतो. एरवी मोठ्या गिनीपिगला तोच लसूणघास रोज घातला तर मुतखडे होण्याची भीती असते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य.

चौथी गोष्ट, शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येणारं संकट. पोटात पिल्लांनी एवढी जागा घेतलेली असते की मादीला एका वेळी थोडंच खाता येतं. त्यात ती घाबरली, तिची जागा बदलली, मुलांनी उचलून खेळवली, तर ती खाणं सोडते. खाणं सुटलं की अंगातली चरबी भराभर वितळते आणि त्याचं विष रक्तात भिनतं. लठ्ठ माद्यांना हा धोका जास्त. सकाळी खाल्लं नाही, 'संध्याकाळपर्यंत बघू' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी मादी गेली, असं होऊ शकतं. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली, "उपाशी राहिली तर वाट बघू नका."

इथे शेजारच्या एका सुशिक्षित गृहस्थांचा सल्ला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सुंठी जरा मलूल दिसली तेव्हा ते म्हणाले, "घरात अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल असतील ना? चिमूटभर पाण्यातून पाजा." पेनिसिलीनच्या घराण्यातली ही औषधं तोंडातून दिली, तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि प्राणी दगावतो. माणसाला तारणारी कॅप्सूल त्याला मारते. माझी शिफारस अशी की, औषधाच्या बाबतीत शेजाऱ्याचं प्रेम घ्यावं, सल्ला घेऊ नये.

पाचवी गोष्ट आपल्या विदर्भाची. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, पेरू आणि बोलिव्हियाच्या थंड उंचीवरचा. तिथल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला. तिशीच्या वर पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो, गाभण मादीला तर फारच. आणि आमच्या पुलगावात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. सुंठीचे दिवस माघात भरले म्हणून निभावलं. पण सुटीतल्या गमतीसाठी जी जोडी आत्ता नेली जाईल, त्यातली मादी ऐन वैशाख-ज्येष्ठात पोटुशी असेल. लाइट गेली, कूलर बंद पडला, तर आपण अंगणात येऊन बसतो. ती कुठे जाणार?

आता प्रत्यक्ष बाळंतपण. यात माणसाने करण्यासारखं फार थोडं असतं, आणि तेच लोकांना जमत नाही. गिनीपिग घरटं बांधत नाही, आडोसा मात्र लागतो. मी एका खोक्याला दार कापून त्यात गवत घातलं होतं. पहाटे साडेचारला मी उठले तेव्हा पहिलं पिल्लू झालेलं होतं. काही मिनिटांनी दुसरं, मग तिसरं. ती आपली बसून वाकायची, दातांनी पिल्लाला ओढून घ्यायची, त्याच्यावरचं आवरण चाटून खायची. वारही तिने खाल्ली. गाईला आपण वार खाऊ देत नाही, इथे खाऊ द्यायची असते. एका प्राण्याचं ज्ञान दुसऱ्याला जसंच्या तसं लागू होत नाही, ते असं. मादी वीस-पंचवीस मिनिटं कळा देते आहे आणि पिल्लू येत नाही, किंवा रक्त फार जातं आहे, असं दिसलं तर डॉक्टर गाठायचा. नाहीतर लांबून, न बोलता बघायचं. पिल्लाचं नाक आवरणात अडकलं आणि आईने ते काढलं नाही, तरच हात लावायचा.

चौथं पिल्लू मेलेलंच आलं. पूर्ण वाढलेलं होतं, केस, नखं, सगळं. सुंठीने त्यालाही चाटलं, बराच वेळ. तीन जिवंत पिल्लांची वजनं ९१, ८६ आणि ७४ ग्रॅम भरली, ती वहीत लिहिली, आणि चौथ्याला परसात लिंबाखाली पुरलं.

नातीला फोनवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "आजी, आपलं काही चुकलं का गं?" मी म्हटलं, "नाही बाळा." आणि ते खरं होतं. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं की हा प्रश्न नऊ वर्षांच्या मुलीने विचारावा लागतो आणि ज्यांनी न बघता नर-मादी एकत्र विकली, ज्यांनी न विचारता ती भेट दिली, त्यांच्यापैकी कोणालाच तो पडत नाही. त्यांचा फोन आला तो 'अय्या, पिल्लं झाली? फोटो पाठवा ना!' असं म्हणायला.

मंडळी, आता पुढचा हिशेब बघा, कारण जोडी मागणाऱ्यांनी तो केलेलाच नाही. व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. नर शेजारी असेल तर त्याच दिवशी ती पुन्हा गाभण राहते. अंगावर पिल्लं पितायत, त्यात सड दोनच, आणि पोटात नवी. असं वर्षभर चाललं तर एक मादी पाच वेळा व्याते. दर खेपेला तीन धरली तरी पंधरा पिल्लं. शिवाय मुलगे तीन आठवड्यांचे झाले की आई आणि बहिणींपासून वेगळे करावे लागतात, कारण त्यानंतर तेही नर म्हणून वागू लागतात, आणि मुली चार-सहा आठवड्यांत गाभण राहू शकतात. म्हणजे पंधरा हा नुसता आईचा हिशेब, लेकींचा धरलेलाच नाही. मी एकविसाव्या दिवशी सकाळी मुलगा उचलून बापाच्या पिंजऱ्यात नेला. भाचसूनबाई, तुम्ही त्या दिवशी गावाला गेलेल्या असाल तर काय होईल?

आणि ही पंधरा पिल्लं जातील कुठे? सहा महिन्यांनी मुलांची हौस फिटेल. मग 'शेतात सोडून देऊ, तिथे गवत आहे.' शेतात मांजर आहे, मुंगूस आहे, साप आहे, घार आहे. माणसाच्या हाताखाली हजारो वर्षं वाढलेला, पळता न येणारा प्राणी तिथे एक रात्र काढणार नाही. त्यालाही आपण म्हणू, निसर्गात सोडलं.

आता आक्षेप. मी सगळे ऐकून घेतले आहेत.

पहिला आक्षेप, हा प्राणी एकटा राहत नाही, म्हणून जोडी लागते. पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. स्वित्झर्लंडने तर २००८च्या आपल्या नियमांत गिनीपिग एकटा ठेवायला बंदी केली. पण सोबत म्हणजे नवरा-बायको, हे कोणी सांगितलं? दोन बहिणी गुण्यागोविंदाने राहतात. बाप-लेक राहतात, आमच्याकडे राहतायत. सोबतीच्या नावाखाली लग्न लावायची आपली ही जुनी सवय आहे, ती निदान प्राण्यांवर तरी लादू नये.

दुसरा आक्षेप, मुलांना जन्माचं रहस्य कळतं, संस्कार होतात. कोणता संस्कार? एका जिवाला आपल्या करमणुकीसाठी जोखमीत घालायचं आणि तो वाचला तर टाळ्या वाजवायच्या, हा संस्कार मला नको आहे. मुलांना शिकवायचंच असेल तर वजनाची वही त्यांच्या हातात द्या. रोज पिंजरा साफ करायला लावा. आजारी पडला तर डॉक्टरांकडे घेऊन जाताना त्यांना बरोबर न्या. यासाठी पिल्लं व्हावीच लागत नाहीत.

तिसरा आक्षेप सर्वात जड आहे आणि तो मला आमच्या कामवाल्या बाईने केला. ती म्हणाली, "काकू, आमच्या गावात बाईले कळा आल्या तं गाडी भेटत नाही, अन् तुमी या उंदराले नागपूरले नेता?" मला लगेच उत्तर देता आलं नाही. पुलगावहून नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. त्या दिवशी जेवढा खर्च झाला त्यात तिच्या घरचा आठवड्याचा किराणा आला असता. तिचं म्हणणं खोटं नाही.

विचार करून मी तिला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, तेच इथे देते. तिच्या गावातल्या बाईला गाडी मिळत नाही, त्याचा दोष सुंठीकडे जात नाही. आणि ज्याला हा खर्च अन्याय्य वाटतो त्याने प्राणी पाळू नये, हा अगदी रास्त निर्णय आहे. माझ्या लेखी तो पाळून मरू देण्यापेक्षा हजारपट चांगला. गंमत अशी की प्राणी विकत घेताना, पिंजऱ्याला रंगीत घुंगरू लावताना गरीब माणसाची आठवण कोणाला होत नाही. डॉक्टरांचे पैसे द्यायची वेळ आली की मात्र सगळ्यांना होते. कामवाल्या बाईला तो प्रश्न विचारायचा अधिकार आहे. दारात मोटार असलेल्या माझ्या पुतण्याला नाही.

चौथा आक्षेप, इथे डॉक्टर कुठे आहेत? आमच्या भागातल्या पशुवैद्यांनी मला प्रामाणिकपणे सांगितलं, "मी गाई-म्हशींचा डॉक्टर, याची मला सवय नाही, नागपूरला न्या." मला त्यांचा आदर वाटला. नागपूरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठ २०००पासून आहे, खासगी डॉक्टर आहेत. पण कळा देणारी मादी घेऊन नागपूरला पोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असू शकते. तेव्हा हा आक्षेप माझ्याच बाजूचा आहे. जिथे अडलेली मादी सोडवणारं कोणी जवळ नाही, तिथे मादीला गाभण राहू देऊ नये.

आणि कायदा? १९६०च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचं तिसरं कलम सांगतं की, ज्याच्या ताब्यात प्राणी आहे त्याने त्याच्या भल्याची सर्व वाजवी काळजी घ्यायची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ द्यायच्या नाहीत. प्राणी विकणाऱ्या दुकानांसाठी २०१८चे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात तर किंमत विचारण्याआधी नोंदणीचा कागद मागा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होईल.

मराठीची बाई म्हणून एक शेवटचं सांगते. आपण वर्तमानपत्रांत लिहितो, 'सरकारने विद्यार्थ्यांचा गिनीपिग केला.' म्हणजे न विचारता ज्याच्यावर प्रयोग करावा, तो गिनीपिग. हा अर्थ भाषेत उगाच आला नाही. १८८२ साली रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सिद्ध केला तो याच प्राण्यावर. वाल्देमार हाफकिन यांनी पटकीची लस बनवताना जंतू एका गिनीपिगमधून दुसऱ्यात असे नेले, आणि १८९३मध्ये ती लस घेऊन ते हिंदुस्थानात आले. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आजही उभी आहे. आपल्या आज्या-पणज्यांपैकी किती जणी या प्राण्यामुळे जगल्या असतील, कोण जाणे. ते प्रयोग रोगाशी लढण्यासाठी तरी होते. सुटीत मुलांचा वेळ जावा म्हणून नर-मादी एका पिंजऱ्यात टाकून काय होतं ते बघणं, हाही प्रयोगच आहे. फक्त त्यातून कोणी काही शिकत नाही.

तर पिल्लं मागणाऱ्यांना माझं उत्तर.

नर-मादी जोडी कोणालाही मिळणार नाही. नात्याचा, मानपानाचा, अहेराचा कसलाही दाखला देऊ नये. धाकटा मुलगा त्याच्या बापाजवळ, मिरीजवळ राहील, तो द्यायचा नाही. दोन मुली मिळतील, पण दोघी एकाच घरात, एकत्र. नेणाऱ्याच्या घरात आधीचा नर नको. गावात किंवा तासाभराच्या अंतरावर हा प्राणी तपासणारा डॉक्टर हवा आणि त्याचा फोन नंबर मला आधी दाखवायचा. मे महिन्यात खोली थंड राहील याची सोय हवी. दोघी पाच ते आठ वर्षं जगतील, तेवढी वर्षं कोण सांभाळणार ते घरातल्या मोठ्या माणसाने सांगायचं. मुलाने सांगितलेलं धरलं जाणार नाही. आणि पाऊस पडेपर्यंत मी त्यांना या घरातून हलवणार नाही.

अटी जास्त वाटत असतील तर मुलांना घेऊन चार दिवस पुलगावला या. आंबे आहेत, झोपाळा आहे. सकाळी गवत घालायचं आणि संध्याकाळी पिंजरा साफ करायचा, ही दोन कामं मी मुलांसाठी राखून ठेवते.